बारा आणे मोटार

माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ रतनसिंग वाघाला भ्यायचे नाहीत, नाल्याच्या पुराला भ्यायचे नाहीत, पोलीस पाटलाला तर मुळीच नाही. ते भीत एका शब्दाला. तो शब्द म्हणजे ‘माझं’.

बैल माझा, घर माझं, पोरगी माझी, असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. अंगातल्या सदऱ्याबद्दल कोणी विचारलं तरी म्हणत, “महाराजाची देन हाय.” महाराज म्हणजे आम्हां बंजाऱ्यांचे संत सेवालाल महाराज, पोहरादेवीला ज्यांचं देऊळ आहे ते. मी मंगरूळपीरजवळच्या तांड्यात सून म्हणून आले तेव्हा मला वाटलं, माणूस देवभोळा आहे, दुसरं काय. मग एक दिवस जात्यावर बसल्या बसल्या मोतीबाईनं, म्हणजे माझ्या जावेनं, सगळं सांगितलं आणि माझ्या मुठीतले दाणे जात्यात पडायचे ते भुईवर सांडले.

भासऱ्यांनी, म्हणजे ह्या थोरल्या दिरांनी, तरुणपणी मंगरूळपीरच्या बाजारात बैलांची नवी जोडी घेतली होती. भोवती माणसं जमलेली. कोणीतरी विचारलं, “कोणाची गा जोडी?” भासरे छाती काढून म्हणाले, “माझी! जोडी माझी, वावर माझं, घरी लेक माझा. अजून काय पाह्यजे माणसाले?” आठवडा उलटायच्या आत तापानं लेक गेला. पुढं दुसरा झाला, त्याला नुसतं हसून “माझा वाघ” म्हणाले होते. तोही दात यायच्या आधी गेला.

मग रुपा झाली. ती पाच दिवसांची असताना तिला पोहरादेवीला नेऊन महाराजांच्या पायाशी ठेवली आणि भासरे म्हणाले, “हे तुमची. आमच्याकडं सांभाळाले देल्ली.” तेव्हापासून ती महाराजाची पोरगी. बापानं तिला कधी माझी म्हटलं नाही, आईनंही नाही. ती जगली. आता ह्यावर कोणी काय बोलणार?

घरात आमची बोली गोरमाटी, पण इथं मराठीतच लिहिते, म्हणजे सगळ्यांना समजेल.

आमच्या पणज्या-खापरपणज्यांची लदेणी होती. बैलांच्या पाठीवर मीठ लादायचं, धान्य लादायचं आणि मुलूखचे मुलूख चालत जायचं. सासरे सांगत, त्या बैलांत सगळ्यात पुढं चालणारा एक बैल देवाचा असे. शिंगांना लाल कापड, गळ्यात कवड्या. त्याच्या पाठीवर कधी गोण टाकायची नाही. बाकी बैल आपले, तो एक देवाचा. पुढं आगगाडी आली, लदेणी गेली, माणसं शेतात गेली. पण माल वाहायची खोड रक्तातून कुठं जाते? भासरे बैलगाडीनं कापूस जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, पोचवत, येताना मीठ, गूळ, घासलेट आणत. त्यातून पैशाला पैसा जोडत त्यांनी लष्कराच्या लिलावातली एक जुनी मोटार आणली. मालाची. पुढचं नाक लांब, रंग शेवाळासारखा, आणि सुरू होताना अशी खोकायची की तांड्यातल्या कोंबड्या शेजारच्या तांड्यात जात.

ज्या दिवशी ती दारात उभी राहिली त्या दिवशी भासऱ्यांना घोर पडला. शंभर बैलांतला एक देवाला सोडता येतो. मोटार एकच, तर सोडायचं काय? त्यांनी फार विचार केला नाही. घाबरलेला माणूस हिशेब करत बसत नाही, सगळंच देऊन मोकळा होतो. त्यांनी रंगाऱ्याकडून मोटारीच्या कपाळावर लिहून घेतलं, ‘सेवालाल महाराजांची मोटार’. आपण नुसते चाकर. मग तांड्यानंही तेच म्हणायला सुरुवात केली. लहान लेकरं धावत यायची, “महाराजाची मोटार आली, महाराजाची मोटार आली!”

मंगरूळपीरचा जमशेद मिस्त्री, ज्याच्याकडं मोटार आठवड्याआड दुरुस्तीला पडे, तो मोठा चावट. तेलकट हात पुसत म्हणायचा, “रतनसिंगभाई, बिल बी महाराजलेच धाडू का?”

“बिल मले दे. मोटार त्याची.”

“वा रे वा! दूध त्याचं न् शेण तुमचं.”

भासरे हसत. पण डोळ्यांनी हसत नसत.

मोटार चालली. जिनाचा कापूस सगळा आमच्याकडं आला. आणि धंदा वाढला तसा कागद वाढला. जिनवाल्यानं आपल्या वहीत लिहिलं, रतनसिंगला वाहतुकीचे इतके दिले. ते अकोल्याच्या इन्कम टॅक्सच्या कचेरीला कळलं आणि आम्हांला नोटीस आली. तोवर तांड्यात खाकी लिफाफा आला होता तो फक्त लढाईत गेलेल्या एका पोराचा. त्यामुळं पोस्टमन दिसताच मोतीबाईनं रुपाला ओढणीखाली घेतलं.

मंगरूळपीरला उकंडराव नावाचे मुनीम होते. अडतीवर लिहिणं करायचे आणि आमच्यासारख्यांचे सरकारी कागद भरून द्यायचे. अंगानं बारीक, आवाज मात्र ढोलासारखा. ते आमच्या ओसरीवर बसून म्हणाले, “भ्याचं काई कारण नाई. जे मिळालं त्याच्यावर कर नसते, जे उरलं त्याच्यावर असते. मोटार पेट्रोल पेते ते वजा. टायर वजा. मिस्त्री वजा. रामधनचा पगार वजा.”

रामधन म्हणजे माझा नवरा. त्याला पगार असतो हे मला त्या दिवशी कळलं.

“आन सगळ्यात मोठं म्हणजे घसारा,” उकंडराव म्हणाले. “मोटार दरसाल झिजते ना? ते झीज सरकार मान्य करते. तेवढा पैसा उत्पन्नातून कापून देते.”

मी ओढणीतून मोतीबाईच्या कानात म्हटलं, “बाई, आपन बी झिजतो. आपला काई घसारा भेटते का, विचारा ना.” ती हसली. त्यानंतर बरेच दिवस ती हसली नाही, म्हणून मला ते हसू लक्षात आहे.

उकंडरावांनी कागद भरला, पाठवला. दोन-तीन महिन्यांनी एक माणूस तांड्यात आला. साधं धोतर, हातात छत्री. आम्हांला वाटलं कोणाचा तरी सोयरा. त्यानं पाणी मागितलं. मोतीबाईनं दिलं. पाणी पिऊन मोटारीकडं पाहत तो सहज म्हणाला, “बाई, ही मोटार कोणाची?”

“महाराजाची,” मोतीबाई म्हणाली.

“तुमच्या मालकाची नाही?”

“अबबब! आमची कायची? आमी नुसते चाकर. सगळी महाराजाची.”

त्यानं तांड्यात अजून चार घरी विचारलं. सगळीकडं तेच. चहाच्या टपरीवर विचारलं, तिथंही तेच. जत्रेला कोण नेतं? महाराजाची मोटार. भाडं किती? भाडं कायचं, देवाचं काम हाय. नवरी कशातून गेली? महाराजाच्या मोटारीतून. आमची माणसं एवढी खुशीनं सांगत होती की कोणी त्याला गूळपाणी दिलं, कोणी भाकर बांधून दिली. भाकर घेऊन तो गेला आणि अकोल्याहून दुसरी नोटीस आली.

उकंडरावांनी ती वाचली आणि त्यांचा ढोल बसला. “रतनसिंग, तो साहेबाचा इन्स्पेक्टर होता. त्यानं लिहून नेलं का मोटार धर्मादाय हाय. कागदावर तुमचं नाव हाय, पण सारा गाव म्हनते तुमची नाई, आन तुमच्या घरची बाई बी म्हनते तुमची नाई. दुसऱ्याच्या मोटारीचा घसारा तुमाले कसा भेटन? पेट्रोल बी नाई, टायर बी नाई. सरकार समजन का तुमी कापूस फुंकरीनं उडवत नेला आन सगळा पैसा नफाच नफा. त्याच्यावर कर. वरून खोटा कागद भरला म्हनून दंड.”

“मंग?”

“मंग काय, मोटार जाईन लिलावात.”

मोटार गेली असती तर दोन चुली गेल्या असत्या, त्यांची आणि आमची. बैल विकले होते, गाडी मोडली होती. एवढं सगळ्यांना कळत होतं. भासरे म्हणाले, “काय कराव लागन?”

“काईच नाई. अकोल्याले साहेबापुढं उभं राह्यचं आन शपथेवर सांगाचं, मोटार माझी हाय, माझ्या धंद्याची हाय. झालं.”

भासऱ्यांचा चेहरा मी ओढणीच्या जाळीतून पाहिला. राख फासल्यासारखा झाला होता.

“हे होनार नाई,” ते म्हणाले.

“काहून नाई होनार?”

“मुनीमजी, एका शब्दानं एक गेला, दुसऱ्यानं दुसरा गेला. आता एकच हाय घरात.”

उकंडराव चिडले. “काय येड्यासारखं करून राह्यले! शब्दानं कोनी मरते काय?” पण बोलता बोलता तेही थबकले. त्यांचंच नाव उकंडराव. त्यांच्या आधीची भावंडं जगली नव्हती म्हणून आईनं त्यांना जन्मताच उकिरड्यावर लोळवून आणलं होतं, म्हणजे मरण फसावं, त्याला वाटावं हा टाकलेला कचरा आहे. चाळीस वर्षं ते त्या नावावर जगले होते. ते गळ्यातलं उपरणं सारखं करत बसले.

मग पळवाटा सुरू झाल्या. भासरे म्हणाले, “‘आमची’ म्हटलं तर?”

“मंग ते इचारतीन, आमची म्हन्जे कोनाकोनाची? आन जाईन पुन्हा महाराजावर.”

मोतीबाई पुढं झाली. “मी म्हनतो. जे व्हाचं ते मले होऊ द्या.”

“कागदावर तुझं नाव नाई बाई.”

माझा नवरा म्हणाला, “दादा, मोटार माझ्या नावावर करा. मी म्हनतो.” मला तेव्हा पाचवा महिना होता. आमच्यात भासरा आणि धाकटी भावजय एकमेकांशी थेट बोलत नाहीत, मी त्यांच्यासमोर आवाजही काढत नसे, पण त्या दिवशी मागून त्याच्या सदऱ्याचं टोक असं ओढलं की शिवण उसवली. भासऱ्यांनी ते पाहिलं. भिंतीकडं पाहत म्हणाले, “रामधनले म्हना, गप बस. त्याच्या घरी बी लेकरू येऊन राह्यलं.”

उकंडरावांनी शेवटी सवय लावायचा मार्ग काढला. म्हणाले, “ल्हान वस्तूपासून सुरू करू. म्हना, हे चप्पल माझी.”

“नोको.”

“अरे, चपलीले काय होते! म्हना.”

फार घासाघीस झाल्यावर भासरे ओठांतल्या ओठांत म्हणाले, “हे चप्पल माझी.” आणि उकंडरावांना पोचवून परत येताना वेशीजवळ त्या चपलेचा अंगठा तुटला. जुनाच होता तो, दोनदा शिवलेला. पण भासरे चप्पल हातात घेऊन अनवाणी घरी आले, तेव्हा त्यांच्या तोंडाकडं पाहवत नव्हतं. रुपाला हाक मारली. ती येताच तिचे पाय पाहिले, हात पाहिले, कपाळ पाहिलं. पोरीला वाटलं बाप खेळतो आहे. ती खिदळायला लागली. आम्ही कोणी हसलो नाही.

तारीख माघात होती. सरकार नुकतंच नागपूरचं जाऊन मुंबईचं झालं होतं आणि आमच्या मनात वेडी आशा होती की ह्या गडबडीत आमचा कागद हरवेल. हरवला नाही. आम्ही सगळेच मोटारीत बसलो. रुपाला घरी ठेवायला मोतीबाई तयार नव्हती, आणि मोतीबाईला घरी ठेवायची कोणाची छाती नव्हती. पुढं भासरे, मोतीबाई आणि रुपा, मागं रिकाम्या पोत्यांवर मी, माझा नवरा आणि उकंडराव. महान गावच्या पुढं रस्त्यात एक मुंगूस आडवं गेलं. माझा नवरा म्हणाला, “मुंगूस म्हन्जे शुभ.” उकंडराव म्हणाले, “डाव्याकून गेलं का उजव्याकून?” त्यावर अकोल्यापर्यंत वाद चालला. बोलणं चालू राहिलं म्हणजे भीती आत शिरायला जागा राहत नाही, म्हणून मीही त्यांना थांबवलं नाही.

कचेरी मोठी होती. दगडी पायऱ्या, व्हरांडा, पुढं आवारात कडूलिंबाचं झाड. भासऱ्यांनी मोतीबाईला सांगितलं, खरं म्हणजे मला ऐकू जावं म्हणून सांगितलं, “पोरीले झाडाखाली घेऊन जाय म्हना. मी अंदर बोलीन ते तिच्या कानावर येऊ नोको. तिच्यावर नजर ठेवा म्हना. पापनी बी लवू नोको.”

ते, माझा नवरा आणि उकंडराव आत गेले. मोतीबाई पायरीवर बसली, ना आत ना बाहेर. मी रुपाला घेऊन झाडाखाली गेले.

लेकरावर नजर ठेवणं वेगळं आणि आता तिला काय होतं ह्याची वाट पाहणं वेगळं. मी तिच्या छातीकडं पाहत होते. वर, खाली. वर, खाली. ती शिंकली, मी दचकले. तिला माशी चावली, मी दचकले. झाडावर कावळा आला, त्याला दगड मारला. आत तो शब्द बोलला गेला की नाही? बोलला असेल तर किती वेळात? ताप आता चढेल की संध्याकाळी? मी तिच्या कपाळाला इतक्यांदा हात लावला की ती वैतागली.

“काकी, काहून हात लावून राह्यली?”

“काई नाई. ऊन लागते का पाहून राह्यली.”

“झाडाखाली कायचं ऊन? बाबा अंदर काय करून राह्यला?”

“बोलून राह्यला.”

“कोनाशी?”

“साहेबाशी.”

“मंग तू काहून रडून राह्यली?”

मी रडत होते हे मला माहीत नव्हतं. तिला गप्प करायला मी आवारातल्या बोरंवालीकडून ओंजळभर बोरं घेतली. माघातली पिकली गोड बोरं. ती खात बसली, बिया थुंकत बसली. मी व्हरांड्याकडं पाहिलं. मोतीबाई गुडघ्यांत डोकं घालून होती. खिडकीतून आतला पंखा दिसत होता. आवाज काही नव्हता.

मग माझ्याही बाजूला आवाज बंद झाला. मी वळून पाहिलं. रुपा उभी राहिली होती. तोंड उघडं, डोळे वर, दोन्ही हात गळ्याशी. बोर घशात अडकलं होतं. चेहरा लाल झाला आणि बघता बघता निळा.

पुढचं मला नीट सांगता येत नाही. मी किंचाळले, एवढं नक्की. मोतीबाईचं नाव घेऊन किंचाळले, देवाचं नाव घेऊन किंचाळले. पोरीला पालथी घातली आणि पाठीत मारत सुटले. पोटातलं लेकरू विसरले, ओढणी कुठं पडली ते विसरले. मोतीबाई धावली, पायऱ्यांवरून पडली, उठली, पुन्हा धावली. आणि तिच्या मागून कचेरीचं दार भिंतीवर आदळलं. भासरे धावत येत होते. पागोटं सुटलेलं, एका पायात चप्पल. आणि ते ओरडत होते.

“माझी पोरगी! माझी रुपा! माझी पोरगी हो! द्या मले, माझी हाय ते!”

त्यांनी तिला माझ्या हातातून ओढली, पायांना धरून उलटी केली आणि पाठीवर एक धपका दिला. बोर टपकन मातीत पडलं. पोरीनं श्वास घेतला तो भोंग्यासारखा आवाज करत.

आणि मग सगळे थिजले. कारण सगळ्यांनी ऐकलं होतं ते काय ओरडले. मोतीबाईनं त्यांच्या तोंडावर हात ठेवला, पण आता काय उपयोग? भासरे गुडघ्यांवर होते, पोरगी मांडीवर. आम्ही तिच्याकडं पाहत राहिलो. आता. आता जाईल. आता डोळे फिरवील. मोतीबाई पुटपुटत होती, “महाराज, ते चुकून बोलला. तुमची हाय. तुमचीच हाय.”

रुपा रडली, भरपूर रडली. मग नाक पुसलं आणि ओंजळीतून सांडलेली बोरं वेचायला लागली.

भासरे किती वेळ तिच्याकडं पाहत होते कोण जाणे. मग रामधनला म्हणाले, “मी अंदर बोललो होतो का?”

“नाई दादा. तुमी तं तोंडच उघडलं नवतं.”

ते खरं होतं. नवऱ्यानं मला नंतर सांगितलं. साहेब तरुण होता, बाहेरगावचा, वाईट नव्हता. त्यानं शांतपणे विचारलं, “कागदावर तुमचं नाव आहे. मग मोटार तुमची आहे ना?” भासरे नुसते उभे राहिले. उकंडराव बोलायला गेले तर साहेबानं त्यांना थांबवलं. पुन्हा विचारलं. भासऱ्यांचे ओठ हलत, आवाज येत नसे. साहेबानं पेन उचललं होतं, नाही असं लिहायलाच, आणि तेवढ्यात खिडकीतून माझी किंकाळी आली.

म्हणजे भासरे काही बोलले नव्हते तरी पोरीचा श्वास अडकला होता. आणि बोलले, जिवाच्या आकांतानं बोलले, तेव्हा तो सुटला. हे कोडं त्यांनी सोडवलं असं मी म्हणणार नाही. ते नुसते उठले, पोरीच्या लाळेनं ओले झालेले हात तसेच, आणि आत चालू लागले. मोतीबाईनं धोतर धरलं. “जाऊ नोको व्हो. एकदा वाचली.” त्यांनी ते सोडवून घेतलं.

आत जाऊन म्हणाले, “लिहा साहेब. मोटार माझी हाय.”

म्हणाले आणि भिंतीला टेकले.

साहेबानं त्यांना बसायला सांगितलं, पाणी मागवलं. मग विचारलं, “पोहरादेवीच्या जत्रेला माणसं नेता. भाडं घेता?”

उकंडराव खोकले. भासऱ्यांना खोकला कळला नाही. “महाराजाच्या दारी नेयाचं भाडं कोन घेईन साहेब?”

“नवऱ्या? आजारी माणसं?”

उकंडरावांना खोकल्याची उबळच आली.

“नेतो. नाई कसं म्हनाव?”

साहेबानं बराच वेळ लिहिलं. मग सांगितलं, मोटारीच्या खर्चातला बारा आणे भाग धंद्याचा, तो मान्य. चार आणे भाग धंद्याचा नाही, त्याचं पेट्रोलही नाही आणि घसाराही नाही. दंड नाही.

भासरे म्हणाले, “ते चार आने कोनाचे?”

“तुमच्या धंद्याचे नाहीत, एवढंच मला पाहायचं आहे. कोणाचे ते तुम्ही ठरवा.”

उकंडराव बाहेर येईपर्यंत बडबडत होते, “गप राह्यले असते तं सोळाच्या सोळा आने सुटले असते! कोनी इचारलं होतं का नवऱ्या मोजाले?” पण त्या कचेरीच्या पायऱ्यांवरून आपले चार आणे कापले गेले, म्हणजे ते महाराजाचे राहिले, म्हणून हात जोडून उतरलेला माणूस तेवढा एकच असावा. भासरे मला काही बोलले नाहीत, बोलायची रीत नव्हती. लिंबाच्या झाडाकडं तोंड करून म्हणाले, “रामधनच्या घरी सांगा, पोरीले चांगलं धरलं तिनं.”

परतीला भासऱ्यांनी मोटार अशी हाकली की बैलगाड्या आम्हांला मागं टाकून गेल्या. रुपा आईच्या मांडीवर झोपली होती. थोड्या थोड्या वेळानं मोटार थांबे. आम्हांला मागं वाटे, बिघडली. माझा नवरा उतरून पुढं जाई आणि परत येऊन सांगे, “काई नाई. दादा पोरीच्या नाकाखाली बोट धरून राह्यला.” पुढं असंच. उकंडराव एकदा म्हणाले, “अशानं पाडव्याले पोचू.”

उरलेला कर भरला. मोटार राहिली. तिच्या कपाळावरचं नाव तसंच राहिलं, आणि पुढच्या वर्षी छत्रीवाला तो इन्स्पेक्टर पुन्हा आला तेव्हा मोतीबाईनं त्याला पाणी द्यायच्या आधीच सांगितलं, “बारा आने आमची, चार आने महाराजाची. लिहून घ्या, आन मंग पानी प्या.” माझा मुलगा वैशाखात झाला. चांगला झाला.

पण भीती गेली असं कोणी समजू नका. ‘माझं’ म्हणायचा धीर भासऱ्यांना एकदाच आला, तो काही त्यांच्याजवळ राहायला आला नाही. रुपा वयात आली तरी ते पहाटे उठून तिच्या खाटेजवळ उभे राहत, श्वास ऐकत. ती डोळे न उघडता म्हणायची, “बाबा, जित्ती हावो. जाय झोप.” ते जात आणि थोड्या वेळानं पुन्हा येत.

तिला मेडशीला दिली. तोवर जुनी मोटार जाऊन दुसरी आली होती. माल असो नसो, भासरे पंधरवड्यातून एकदा मेडशीच्या रस्त्याला मोटार वळवत. घरात जात नसत. दुरूनच अंगणात ती चालती-फिरती दिसली की परत. एका वर्षी कागद भरताना उकंडराव म्हणाले, “मेडशीच्या फेऱ्या लय दिसून राह्यल्या. कापसाच्या म्हनून लिहून टाकतो, तेवढं पेट्रोल सुटन.”

भासऱ्यांनी आजूबाजूला पाहिलं, कोणी ऐकत तर नाही ना असं. मग हळूच म्हणाले, “ते धंद्यात नोको लिहू मुनीमजी. ते फेरी माझी हाय.”